मिठाला जागायचं, पण कुणाच्या?

उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवताना काही चुका दरवर्षी नेमाने वहीत येतात. 'त्याने शपथ खाल्ली.' 'राजाने भिकाऱ्यावर दया खाल्ली.' 'मी रस्त्यात ठोकर खाल्ली.' मी लाल पेनाने दुरुस्त करते : शपथ घेतली, दया आली, ठेच लागली. पण मुलांचा तर्क चुकीचा नसतो. उर्दूत माणूस क़सम खातो, तरस खातो, ठोकर खातो, धोका खातो, ग़म खातो, शिकस्तही खातो. यातले बरेच प्रयोग फारसीतून आले. फारसीत 'ख़ुर्दन' म्हणजे खाणं. इराणी माणूसही शपथ आणि दुःख खातच होता, उर्दूने त्याच्या ताटातलं उचललं.

वर्गातली एखादी चौकस मुलगी मग विचारतेच, "मॅडम, मराठीत शपथ खायची नाही, पण भाव खायचा, हे कसं काय?" प्रश्न रास्त आहे. मराठी माणूस भाव खातो, हाय खातो, कच खातो, डोकं खातो, पैसे खातो. एखादी जुनी दुखणी उचल खाते, दोन माणसांचं म्हणणं मेळ खात नाही. आणि आईबाप मुलांसाठी खस्ता खातात. या 'खस्ता'पाशी माझी मुलं हमखास हसतात, कारण त्यांना खस्ता म्हटलं की कुरकुरीत बिस्किट आठवतं. शब्द एकच आहे. फारसीत 'ख़स्ता' म्हणजे मोडलेला, घायाळ, थकलेला. बिस्किट दाताखाली मोडतं म्हणून ते खस्ता, आणि माणूस परिस्थितीखाली मोडतो म्हणून त्याचे हाल खस्ता. एवढं सांगितलं की हसू थांबतं आणि शब्द कायमचा लक्षात राहतो.

उरणमधल्या माझ्या बहुतेक मुलांच्या तोंडात एकाच दिवसात चार भाषा येतात. घरात कोकणी मुसलमानांची बोली, जी मराठीचीच बहीण आहे. शाळेत उर्दू. मासळी बाजारात आणि मोऱ्याच्या लाँचवर आगरी-कोळी वळणाची मराठी. मोबाइलवर मुंबईची हिंदी. व्याकरण शिकवायला गेलं की या चारही भाषा एकमेकींच्या पायात येतात. खाण्याच्या वाक्प्रचारांचं तसं होत नाही. 'डाळ शिजत नाही' फळ्यावर लिहिलं की वर्ग एका सुरात म्हणतो, 'दाल नहीं गलती!' दुधाने तोंड पोळलेला माणूस मराठीत ताक फुंकून पितो, उर्दूत छाछ. भांडंही तेच, फुंकरही तीच.

कधी पदार्थ बदलतो, तेव्हा अधिक मजा येते. उर्दूत स्वप्नाळू माणूस 'ख़याली पुलाव' पकवतो, मराठीत तो मनातल्या मनात मांडे खातो. पुलाव आणि मांडे या दोन्ही रोजच्या ताटातल्या गोष्टी नव्हेत. मांडा करणं तर येरागबाळ्याचं काम नाही. पुरण भरलेली पोळी हातावर पसरत पसरत कागदासारखी पातळ करायची आणि पालथ्या खापरावर टाकायची. ज्याच्या घरी जे सणासुदीलाच होतं, तेच त्याने कल्पनेत शिजवलं. मनातली डाळ-भाकरी कुणी खाल्ल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

हे सगळं पुस्तकात आहे म्हणून आपण त्याला वाक्प्रचार म्हणतो आणि २ गुण देतो. मुलं मधल्या सुट्टीत जे बोलतात त्याला मात्र आपण 'टपोरी भाषा' म्हणतो. 'मॅडम खूप पकवतात.' 'डोक्याचं दही झालं.' 'भेजा फ्राय.' 'तो मॉनिटर सरांचा चमचा आहे.' 'मस्का मारू नको.' खेळात एखादं लहान भावंड घुसलं तर ते 'कच्चा लिंबू'. त्याने खेळायचं, पळायचं, पण त्याला बाद धरायचं नाही. किती शहाणपण आहे या शब्दात! लहान पोराला हाकललंही नाही आणि खेळही बिघडू दिला नाही. 'मस्का' हा शब्द फारसी, अर्थ लोणी. मुंबईच्या इराणी हॉटेलातल्या ब्रून-मस्क्याने तो घराघरात नेला. मराठीत आधीपासून लोणी लावत होतेच, हिंदीत मक्खन. खुशामत करणारा सगळीकडे तुपकटच.

मला या बोलण्यात आणि पाठ्यपुस्तकातल्या वाक्प्रचारांत जातीचा फरक दिसत नाही. वयाचा फरक आहे, एवढंच. 'डाळ शिजणे' हेही कधीतरी कुणीतरी चुलीपाशी चिडून म्हणालं असेल आणि शेजारणीला ते आवडलं असेल. लोक रोज जे शिजवतात, हाताळतात, ज्याची वाट पाहतात, त्यातूनच बोलणं घडतं.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. माझे मामू मालवाहू जहाजावर होते. कोकणी मुसलमानांच्या घरात एखादा तरी माणूस दर्यावर असतोच. हाँगकाँगच्या बंदरात त्यांचं जहाज वरचेवर लागायचं, आणि तिथल्या लोकांच्या कँटोनीज भाषेतल्या दोन-चार गमती ते सुट्टीत घरी घेऊन यायचे. नोकरीवरून काढलं की ते लोक म्हणतात, 'माकूल परतली'. आमच्या घरातल्या बायकांना याचा अर्थ सांगावा लागला नाही. माकूल तापल्या तव्यावर पडली की आपोआप गुंडाळी होते. तिकडे जुन्या काळी कामगार मालकाकडेच राहायचा. काम सुटलं की अंथरुणाची वळकटी करून निघायचा. ती वळकटी म्हणजे माकुलीची गुंडाळी. मामूंनी हे सांगितल्यावर नानी लगेच म्हणाली होती, "म्हणजे बोरिया-बिस्तर." आणि मराठीत आपण म्हणतो गाशा गुंडाळला. गाशा म्हणजे घोड्याच्या खोगिरावर घालायचं कापड, शब्द अरबी-फारसीतून आलेला. कुणी घोड्यावरचं कापड गुंडाळतं, कुणी चटई, कुणी माकूल. काम सुटलेल्या माणसाला जाताना काहीतरी गुंडाळावंच लागतं.

मामूंचं दुसरं वाक्य मला जास्त आवडायचं. कँटोनीज म्हातारे तरुणांना सुनावतात, 'तू जेवढा भात खाल्ला नसशील, तेवढं मी मीठ खाल्लंय.' आपल्याकडचे म्हातारे चार पावसाळे जास्त पाहिल्याचं सांगतात. उर्दूतले बुजुर्ग सांगतात की हे केस उन्हात पांढरे झालेले नाहीत. पण मीठ मोजून वय सांगणं काही वेगळंच. मीठ ताटात चिमूटभर असतं. ते भाताहून जास्त व्हायला किती वर्षं लागतील, हा हिशोब ऐकणाऱ्याने करायचा. गोष्ट फुगवून सांगणाऱ्याला तिथे 'मीठ आणि व्हिनेगर घालणारा' म्हणतात. आपण तिखटमीठ लावून सांगतो, उर्दूत नमक-मिर्च लागतं. व्हिनेगरच्या जागी मिरची आली. मीठ मात्र जागचं हललं नाही.

मीठ कुठल्याच भाषेत जागचं हलत नाही असं मला वाटतं. बेचव पदार्थाइतकाच बेचव माणूसही अळणी असतो. दुःखावर डागणी द्यायची तर जखमेवर मीठ चोळतात. रंगाचा बेरंग झाला की मिठाचा खडा पडला म्हणतात. गरिबी सांगायची तर मीठ-भाकर. थोडंसं, खपून जाईल इतकं, असं सांगायला उर्दूत 'आटे में नमक के बराबर'. आणि सौंदर्यसुद्धा मिठातूनच येतं, हे मी मुलांना सांगते तेव्हा त्यांचा विश्वास बसत नाही. संस्कृत 'लवण' म्हणजे मीठ, त्यावरून 'लावण्य'. त्याच लवणापासून हिंदी-उर्दूतला 'सलोना'. अरबीत मीठ म्हणजे 'मिल्ह', त्यावरून 'मलीह' म्हणजे देखणा, आणि उर्दूतला नाजूक शब्द 'मलाहत'. संस्कृत आणि अरबी या दोन अगदी वेगळ्या कुळांच्या भाषा, पण माणसाचा चेहरा मनात भरला तेव्हा दोघींनाही आठवलं ते मीठच. साखर नाही.

उरणच्या माणसाला हे पटायला जड जाऊ नये. आमच्याकडे मीठ 'बनत' नाही, मीठ 'पिकतं'. भात पिकतो तसंच. पावसाळा सरला की मिठागरांचे बांध नीट करायचे, उधाणाच्या भरतीचं पाणी आत घ्यायचं, अडवायचं, एका खाचरातून दुसऱ्यात सोडत उन्हात आटवायचं. पाणी दाट होत होत शेवटच्या वाफ्यात त्याचे दाणे धरतात. मग ते ओढून कडेला राशी लावायच्या. हंगाम ऐन उन्हाचा, काम अनवाणी पायांचं, आणि वळवाची एक सर लवकर आली तर डोळ्यांदेखत पीक पाण्यात. जमीन नांगरणाऱ्याचं पीक पाऊस आला नाही म्हणून बुडतं, मीठ पिकवणाऱ्याचं पाऊस आला म्हणून. आगरी हे नावच आगरावरून, म्हणजे मिठागरावरून आलं असं मानतात. मीठ पिकवणारे हात मुख्यतः त्यांचे. ते मीठ मचव्यात भरून खाडीतून नेणाऱ्यांत आमचेही लोक होते. माझे नाना अशाच एका मचव्यावर तांडेल होते. पाटीने मीठ मचव्यात पडायचं, तेव्हा टाकणारा कोण आणि झेलणारा कोण, याची नोंद मिठाने ठेवली नाही.

आता त्या मिठागरांपैकी फार थोडी उरली आहेत. १९७० साली सिडको स्थापन झाली, नवी मुंबईसाठी भूसंपादन सुरू झालं. पुढे न्हावा-शेवा बंदर आलं. ते १९८९ साली सुरू झालं. मिठागरं, शेती, खाडीची मासेमारी, सगळं एकामागोमाग भरावाखाली गेलं. जमिनीला योग्य मोबदला मिळावा म्हणून दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली इथले शेतकरी रस्त्यावर उतरले. १९८४ च्या जानेवारीत जासई आणि नवघर परिसरात पोलिसांचा गोळीबार झाला, ५ जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातूनच पुढे प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचं धोरण आलं. माझ्या वर्गातल्या मुलांनी कंटेनरच्या राशी पाहिल्या आहेत. मिठाच्या राशी फारच थोड्यांनी. त्यामुळे 'खाल्ल्या मिठाला जागणे' हा वाक्प्रचार फळ्यावर येतो तेव्हा त्यांच्यासमोर प्लॅस्टिकची पिशवी असते, एक किलोची.

हा वाक्प्रचार मला इतरांसारखा पटकन शिकवून पुढे जाता येत नाही.

त्याचा इतिहास दरबारी आहे. ज्याने पोसलं त्याच्याशी इमान राखायचं, हा 'हक़-ए-नमक'. राखलं तर नमकहलाल, मोडलं तर नमकहराम. जुन्या मराठीत हा शब्द 'निमकहराम' असा येतो, म्हणजे फारसी दरबारातून तो मराठी फौजेतही रुळला होता. इंग्रजीतला पगाराचा शब्द 'सॅलरी' लॅटिनमधल्या मिठाच्याच शब्दावरून आला. पगार देणारा वर, खाणारा खाली, आणि मध्ये मीठ. खालच्याने वरच्याचं ऋण मानायचं, एवढंच हा वाक्प्रचार सांगतो. वरच्याने खालच्याच्या मिठाला जागावं, असं तो कधी म्हणत नाही. आणि ज्याने भर उन्हात ते मीठ पिकवलं, तो तर या व्यवहारात कुठेच नाही.

माझ्या ओळखीच्या एका प्रकल्पग्रस्त कुटुंबातला मुलगा कंत्राटी कामावर लागला. पुढे गावाचा मोर्चा निघाला तेव्हा तो त्यात गेला. त्याच्या वरच्या माणसाने त्याला सुनावलं, 'इथलं मीठ खातोस ना? मग त्याला जाग.' त्या मुलाच्या आजीचं आयुष्य मिठागरात गेलेलं. ज्या जमिनीवर तो आता बिल्ला लावून उभा राहतो, तिथे कधीकाळी मीठच पिकत होतं. त्याने हे बोलून दाखवलं नाही, नोकरी होती. घरी येऊन आजीला सांगितलं. ती म्हणाली, "त्याला इचार, मीठ कुनाचं?"

माझ्या वाट्याला हा वाक्प्रचार वेगळ्या रस्त्याने आला. काही वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात होते. त्या दिवशी भारत-पाकिस्तान सामना होता. चहाच्या सुट्टीत एक सहकारी हसत हसत म्हणाले, "मॅडम, आज तरी खाल्ल्या मिठाला जागा हं." चार माणसं हसली. बोलणाऱ्याच्या मनात विष नव्हतं, हे मला माहीत आहे. नंतर त्यांनीच माझ्यासाठी बसमध्ये जागाही धरली होती. पण ते वाक्य त्यांनी त्या खोलीत दुसऱ्या कुणालाही म्हटलं नसतं, हेही मला माहीत आहे. मी म्हटलं, "सर, मी उरणची. मीठ आमच्याकडूनच तुमच्याकडे जायचं." त्यांना वाटलं मी विषय बदलला. मी विषय बदलला नव्हता.

'खातात इथलं' हे वाक्य आम्ही लहानपणापासून कुठे ना कुठे ऐकतो. त्याचा पुढचा भाग कुणी उच्चारतं, कुणी गिळतं. मला दरवेळी त्यातल्या 'इथलं'पाशी अडखळायला होतं. कारण इथलं म्हणजे नेमकं कुणाचं? खाणारे आम्ही आणि वाढणारे दुसरेच कुणी, अशी पंगत कधी बसली होती? नानांनी ज्या मचव्याचं सुकाणू धरलं त्यातलं मीठ मुंबईत कोणकोणाच्या आमटीत पडलं असेल, हे सांगता यायचं नाही. उपकार मोजायचे म्हटलं तर तेही मोजावे लागतील. नाना ते मोजत नसत. त्यांच्या दृष्टीने तो धंदा होता, मेहनतीचा होता, आणि भरती-ओहोटी सगळ्यांना सारखीच होती.

नमकहराम हा शब्द मला टाकून द्यायचा नाही. शिक्षिकेने शब्द टाकून देऊ नयेत. आणि या शब्दामागची भावना खोटीही नाही. ज्याचं खाल्लं त्याला विसरू नये, याहून साधी नीती कोणती? आमच्या घरात जेवण झाल्यावर अल्लाहचे आभार मानतात. नानी त्यात आपली भर घालायची. शिजवणाऱ्या हातांना, पिकवणाऱ्या हातांना आणि बाजारातून पिशवी उचलून आणणाऱ्यालाही बरकत मागायची. अगदी पायरीपायरीने जायची. तिला 'हक़-ए-नमक' हा शब्द माहीत होता की नाही ठाऊक नाही, पण कुणाच्या मिठाला जागायचं याबद्दल तिचा गोंधळ नव्हता. ती खालपासून मोजायची.

तेव्हापासून वर्गात हा वाक्प्रचार आला की मी अर्थ लगेच लिहून देत नाही. आधी विचारते, तुमच्या ताटातलं मीठ कुठून आलं? पहिलं उत्तर येतं दुकानातून. मग गाडीतून, मग कारखान्यातून. मग एखादा मुलगा म्हणतो, समुद्रातून. मग मी विचारते, समुद्रातून ताटात ते आपोआप आलं का? तिथे वर्ग थोडा वेळ गप्प होतो. त्यानंतरची उत्तरं मुलं घरून आणतात. कुणाच्या दादीला मिठागरांच्या वाटा आठवतात. कुणाच्या शेजारच्या आगरी आजीने पायाला पडलेल्या भेगा दाखवलेल्या असतात. एका मुलीने आणलं होतं की मीठ उष्टं होत नाही असं तिची खाला म्हणते. दुसरीच्या घरी मीठ हातातून हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणून. एका मुलाच्या शेजारच्या काकूही हातात देत नाहीत. त्या हिंदू. त्यावरून दोघांची ओळख झाली.

परीक्षेत मात्र त्यांनी नेहमीचा अर्थ लिहायचा असतो : उपकाराची जाणीव ठेवणे. १ गुण. पुढे 'वाक्यात उपयोग करा', आणखी १ गुण. बहुतेक वहीत नोकर आणि मालक येतात, पुस्तकात तसंच आहे, मी पूर्ण गुण देते. गेल्या वर्षी एका पोराने लिहिलं, 'बाजारात मीठ विकत घेतलं तरी आम्ही आगरवाल्यांच्या मिठाला जागतो.' वाक्यरचना जरा ओढाताणीची होती. त्यालाही पूर्ण गुण दिले.